मागच्या खोलीपर्यंत वाय-फाय : औशातील जुन्या वाड्याच्या प्रकल्प नोंदी

२ मार्च २०२५, रविवार

आजपासून या कामाची नोंदवही सुरू करीत आहे. महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत ३१ वर्षे सहायक म्हणून काम केल्यामुळे, आधी मापन लिहून काढायचे आणि मगच यंत्राला हात लावायचा, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.

अडचण अशी आहे. येळवशीला (वेळ अमावास्येला) मुलगा आणि सूनबाई गावी आले, तेव्हा माझ्या आईची तब्येत पाहून सूनबाईंनी पावसाळ्यापर्यंत औशातच राहायचे आणि पुण्याच्या कंपनीचे काम येथूनच करायचे असे ठरविले. समोरच्या बाजूला दादांचा दूरदर्शन संच आणि येणारी-जाणारी माणसे असल्यामुळे त्यांनी परसाकडची मागची खोली निवडली. खोली शांत आहे, पण तेथे वाय-फाय जेमतेम पोहोचते. मीटिंग सुरू झाली की पाचव्या मिनिटाला चित्र थिजते आणि दहाव्या मिनिटाला आवाजही जातो.

घराची रचना समजल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही. रस्त्याच्या बाजूला पूर्वेकडे ढाळज (दारालगतची ओसरी) आणि बैठकीची खोली, त्यामागे उघडा चौक, चौकाच्या पलीकडे माजघर, आणि माजघराच्या मागे परसात ही खोली. भिंती दोन्ही अंगांनी काळ्या दगडाच्या असून पोटात माती आहे. जाडी मी फुटपट्टीने मोजली, ती कोठेही ६० सेंटिमीटरपेक्षा कमी नाही आणि माजघराच्या मागच्या भिंतीला ७५ सेंटिमीटरपर्यंत जाते. पुढच्या भागावर आणि माजघरावर अजून माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर, आहे. मागच्या खोलीवर मात्र पत्रे आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरत असताना झालेल्या किल्लारीच्या भूकंपात या खोलीच्या भिंतीला तडा गेला, आणि डोक्यावर मातीचे ओझे नको म्हणून वडिलांनी त्याच वर्षी माळवद उतरवून पत्रे टाकले. तेव्हा आमच्या तालुक्यात असे करणारी घरे बरीच होती. मातीत पुरलेली माणसे पाहिल्यावर माळवदाखाली डोळा लागत नव्हता. आता त्याच पत्र्यांचा विचार मला रेडिओलहरींच्या संदर्भात करावा लागत आहे, कारण धातूचा पत्रा लहरी आत येऊ देत नाही, तो त्या परतवून लावतो.

राऊटर सध्या बैठकीच्या खोलीतील देवळीत आहे. जोडणी करून देणाऱ्या मुलाला ती जागा नीटनेटकी वाटली होती.

पहिले मापन पुढीलप्रमाणे केले. मोबाइलवरील सिग्नल मोजणारे अॅप उघडून, फोन छातीच्या उंचीवर एकाच पद्धतीने धरून, प्रत्येक ठिकाणी एक मिनिट थांबलो आणि सरासरी घेतली. वाय-फायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन लहरपट्ट्यांपैकी २.४ च्या पट्ट्यावर राऊटरपासून दोन मीटरवर उणे ३४ डीबीएम (सिग्नलच्या शक्तीचे माप, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार), चौकात उणे ५८, माजघरात उणे ६८, परसातील ओट्यावर उणे ७६ आणि मागच्या खोलीत सूनबाईंच्या टेबलावर उणे ८४ असे आकडे मिळाले. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल माजघराच्या उंबऱ्यावरच संपला. आमची जोडणी १०० एमबीपीएसची आहे. राऊटरजवळ ९३ मिळाले आणि टेबलावर दीड.

ही मोजपट्टी सरळ नसून गुणाकाराची आहे, हे घरातल्यांना समजावून सांगितले. दहा डीबीने आकडा घसरला की शक्ती दहाव्या हिश्श्यावर येते. उणे ३४ वरून उणे ८४ म्हणजे पन्नासची घसरण, म्हणजेच शक्तीचा एक लाखावा भाग उरला. व्हिडिओ मीटिंग निर्धास्त चालायची तर उणे ६७ च्या आसपास किंवा त्याहून चांगला आकडा हवा, असा साधारण संकेत आहे.

३ मार्च, सोमवार

रात्री विचार करताना एक प्रश्न पडला. दोष अंतराचा किती आणि भिंतींचा किती? राऊटरपासून मागच्या खोलीतील टेबल सरळ रेषेत १९ मीटरवर आहे. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झाले की सहा डीबी कमी होतात. त्या हिशेबाने दोन मीटरवर उणे ३४ असेल तर १९ मीटरवर उणे ५४ च्या सुमारास मिळायला हवे. हे पडताळण्याचा सोपा मार्ग होता. देवळीचे तोंड रस्त्याकडच्या खिडकीकडे आहे, म्हणून खिडकी उघडी ठेवून मी टेप घेऊन समोरच्या गल्लीत १९ मीटर गेलो आणि तेथे मापन घेतले. उणे ५७ आले. खिडकीचे लोखंडी गज मध्ये आहेत हे धरले तर हिशेब जवळजवळ जुळला.

म्हणजे त्याच अंतरावर गल्लीत उणे ५७ आणि घरात उणे ८४. सत्तावीस डीबीचा हा फरक, म्हणजे सुमारे पाचशे पटीचा, निव्वळ भिंतींनी खाल्लेला आहे. भर उन्हात हातात फोन धरून गल्लीच्या मधोमध मिनिटभर स्तब्ध उभा असलेला पाहून समोरच्या किराणा दुकानदारांनी, "सर, काही हरवलं का?" असे विचारले. एका अर्थी हरवलेलेच शोधत होतो.

मागच्या खोलीत जो काही सिग्नल पोहोचतो तो भिंती भेदून येत नसावा, असेही आज दिसले. माजघराची दोन्ही दारे लावून घेतली तेव्हा टेबलावरचा आकडा उणे ९० पर्यंत घसरला आणि फोनने जोडणी सोडून दिली. दारे, खिडक्या आणि उघडा चौक यांतून वळसे घेत जेवढे येते तेवढ्यावरच आजवर भागत होते.

५ मार्च, बुधवार

पैसे न लागणारे उपाय आधी करायचे ठरविले.

देवळी ही दिवा ठेवण्यासाठी केलेली जागा आहे. दिव्याचा उजेड खोलीत पडावा म्हणून तिच्या तिन्ही बाजूंना दगड आणि समोर तोंड, ही योजना दिव्यासाठी उत्तम आणि राऊटरसाठी नेमकी उलटी आहे, कारण आम्हाला ज्या पश्चिमेकडे सिग्नल न्यायचा आहे ती तिची पाठ आहे. बैठकीतून चौकात उघडणाऱ्या दाराच्या वर लाकडी फळी ठोकून राऊटर तिच्यावर आणला. त्यासाठी फायबरची वायर चार मीटर पुढे घ्यावी लागली. सुदैवाने तिचे वेटोळे शिल्लक होते. फायबर कोपऱ्यात काटकोनात मोडायचे नसते, वळण मोठे ठेवावे लागते, नाहीतर आतला प्रकाश बाहेर गळतो. म्हणून कोपऱ्यावर जुन्या चहाच्या डब्याचे झाकण ठेवून त्याच्या गोलाईवरून ती वळविली.

राऊटरचे दोन्ही अँटेना कोणीतरी मागे आडवे पाडून ठेवले होते. दांडीसारख्या अँटेनाचा प्रसार तिच्या चहूबाजूंना होतो, टोकाच्या दिशेने मात्र सर्वांत कमी. आमचे घर आडवे पसरलेले, एकमजली आहे, तेव्हा दोन्ही उभे केले.

चॅनेलची, म्हणजे पट्ट्याच्या लहान भागांची, पाहणीही याच बैठकीत उरकली. २.४ गिगाहर्ट्झमध्ये चॅनेल तेरा असले तरी ते एकमेकांवर चढलेले असतात. एकमेकांना न भिडणारे म्हणून १, ६ आणि ११ हे तीनच वापरण्यात अर्थ असतो. शेजारची चार घरे ६ वर आणि एक ९ वर दिसले. आमचा राऊटर स्वयंचलित निवडीने ६ वरच जाऊन बसला होता. तो १ वर आणला आणि चॅनेलची रुंदी ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झ केली. ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा आपल्याकडे २०१८ मध्ये विनापरवाना वापरास खुला झाला आणि तेथे गर्दी नावालाही नाही, पण दादांचा फोन त्याआधीचा आहे, त्याला तो पट्टा दिसतच नाही. त्यामुळे २.४ बंद करण्याचा प्रश्नच येत नाही.

निकाल: टेबलावर उणे ८४ चे उणे ७७ झाले, म्हणजे शक्ती पाचपट झाली आणि वेग सहा एमबीपीएसवर गेला. खर्च फळी आणि चार खिळे. तरीही उणे ६७ पासून आपण दहा डीबी दूर आहोत.

९ मार्च, रविवार

पुतण्याने लातूरहून मित्राचा रिपीटर, म्हणजे आलेला सिग्नल पकडून पुन्हा पुढे पाठविणारे यंत्र, आणला. तो कोठे लावायचा यावर घरात एकमत होते: जेथे रेंज नाही तेथेच. मी विरोध केला नाही, कारण चूक दिसल्याशिवाय पटत नाही. मागच्या खोलीत लावल्याबरोबर लॅपटॉपवर सगळ्या दांड्या उभ्या राहिल्या आणि घरात आनंद झाला. तो पंधरा मिनिटे टिकला. मग सूनबाई म्हणाल्या, "मामा, दांड्या तर पूर्ण दिसतात, पण आवाज आधीपेक्षा जास्त तुटतोय." दांड्या लॅपटॉप आणि रिपीटर यांच्यातल्या होत्या. रिपीटर स्वतः तेच उणे ७७ ऐकत होता. विहिरीलाच पाणी नसेल तर मोट बदलून उपयोग काय?

मग तो माजघरात, दाराजवळ, जेथे राऊटरचा सिग्नल उणे ६० मिळतो तेथे लावला. टेबलावर उणे ६६ आले आणि वेग १४ एमबीपीएस झाला. सुधारणा खरी आहे, पण हा रिपीटर एकाच पट्ट्याचा असल्यामुळे ज्या चॅनेलवर ऐकतो त्याच चॅनेलवर बोलतो. एका वेळी एकच काम होते, आणि प्रत्येक निरोप हवेतून दोनदा जातो, म्हणून वेग निम्म्यावर येतो. राऊटरपर्यंत जाऊन येण्यास लागणारा वेळ मी दोनशे वेळा मोजला. तो ५ मिलिसेकंदांपासून १८० पर्यंत हेलकावे खात होता. नुसता चित्रपट पाहायचा असता तर हे चालले असते. समोरासमोर बोलण्यात हे हेलकावे खपत नाहीत. दोन पट्ट्यांचा रिपीटर घेतला तर निम्म्याचा दोष बराच जातो, पण आमच्या माजघरात ५ गिगाहर्ट्झ धड येतच नाही, त्यामुळे तो पर्यायही येथे लंगडाच ठरतो. रिपीटर संध्याकाळी परत पाठविला.

१२ मार्च, बुधवार

दोन सूचना आल्या, त्या विचारात घेऊन बाजूला ठेवल्या, म्हणून नोंद.

पहिली, जास्त शक्तीचा, सहा अँटेनांचा राऊटर आणावा. वाय-फाय हे दोघांचे बोलणे आहे. राऊटर कर्ण्यावरून हाक मारू लागला तरी लॅपटॉपचा ओ त्याच्यापर्यंत त्याच भिंतींतून आणि पूर्वीच्याच दुबळ्या आवाजात जाणार. मीटिंगमध्ये सूनबाईंचे चित्र आणि आवाज बाहेर जायचा असतो, हे येथे विशेष महत्त्वाचे आहे.

दुसरी, विजेच्या तारांमधूनच इंटरनेट नेणारी अॅडॅप्टरची जोडी. हा मार्ग मला मनापासून आवडला होता. परंतु मागच्या खोलीची लाइन इन्व्हर्टरवरून गेलेली आहे आणि पुढच्या बैठकीची थेट मीटरवरून. वीज गेली की दोन्ही बाजूंमधली विजेची वाटच तुटते. शिवाय वायरिंग माझ्या लग्नाच्या वेळचे आहे. जोडांवर काळी चिकटपट्टी आहे आणि त्याखाली काय आहे ते पाहण्याचे धैर्य सध्या नाही.

१६ मार्च, रविवार

निर्णय झाला. हवेतून भिंत ओलांडण्याचा नाद सोडायचा, तांब्याची केबल मागच्या खोलीपर्यंत न्यायची आणि तेथे दुसरा राऊटर ऍक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलने आलेले इंटरनेट वाय-फायने पसरविण्यापुरता, बसवायचा. १०० मीटरच्या आत केबलमध्ये वेग घटत नाही. आमचे अंतर त्याच्या निम्मेही नाही.

केबल न्यायची कशी, यावर मात्र सगळा दिवस गेला. ओळखीच्या गवंड्याला बोलावले होते. त्यांनी माजघराची मागची भिंत बोटांनी ठोकून पाहिली आणि हातोड्याच्या ड्रिलला साफ नकार दिला. दोन दगडी पापुद्रे आणि मध्ये माती अशी ही भिंत. त्यातला एखादा दगड हलला तर आतली माती सरकते आणि मग भिंतीला पोट सुटते. किल्लारीनंतर पडक्या घरांचे ढिगारे उपसण्यात त्यांची तरुणपणाची दोन वर्षे गेली आहेत, तेव्हा या बाबतीत त्यांचा शब्द मला शेवटचा वाटतो. एका केबलसाठी भिंत दुखवायची नाही असे ठरले.

मग आधीपासून असलेली भोके शोधत आम्ही घरभर फिरलो. दाराच्या वरच्या फळीपासून चौकाच्या पडवीच्या आढ्याखालून पश्चिमेकडे, तेथून माजघराच्या माळवदाला उजेडासाठी ठेवलेल्या झरोक्यातून वर, माळवदाच्या कठड्याला धरून मागे, परसाच्या अंगाने खाली आणि मागच्या खोलीच्या खिडकीच्या चौकटीतून आत, असा मार्ग निघाला. सुतळी धरून मोजला तेव्हा ३१ मीटर भरला.

मूळ फायबरच मागच्या खोलीपर्यंत नेण्याचाही विचार झाला. विजांच्या दृष्टीने काच तांब्यापेक्षा सुरक्षित. पण मग पुढची बाजू कोरडी पडते आणि दादांचा संच तिकडे आहे. तांबे घ्यायचे ठरविले. हा निर्णय पुढे थोडा महाग पडू शकतो याची जाणीव ठेवून लिहीत आहे.

२२ मार्च, शनिवार

लातूरला गंजगोलाईत जाऊन केबल आणली. सोळा रस्ते जेथे मिळतात त्या गोलाईत योग्य दुकान एकदा चुकले की पूर्ण चक्कर मारून यावे लागते, तशी दोनदा मारली.

पहिल्या दुकानात दाखविलेल्या केबलचा भाव फारच कमी वाटला, म्हणून एक तार सोलून ब्लेडने खरवडली. वरचा तांबूस रंग निघाला आणि आत पांढरी चकाकी दिसली. ते तांब्याचा मुलामा दिलेले अॅल्युमिनिअम होते. ते स्वस्त आणि हलके असते, पण वाकवताना मोडते आणि टोकाच्या जोडात सैल होते. दुसऱ्या दुकानात पूर्ण तांब्याची, बाहेरच्या वापरासाठी काळ्या जाड आवरणाची कॅट-६ जातीची केबल मिळाली, जवळजवळ दुप्पट भावाने. आमच्याकडच्या उन्हात घरातल्या वापराची राखाडी केबल दोन उन्हाळ्यांत पापडासारखी तडकते. ४० मीटर घेतली.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

गुढी उभारून, कडुनिंबाची चटणी खाऊन नऊ वाजता माळवदावर चढलो. पुतण्या सोबतीला होता.

उघड्यावरचा सगळा भाग पीव्हीसी पाइपातून घेतला. कारणे दोन. उंदीर, आणि वानरे. काळ्या तोंडाची वानरांची टोळी आठवड्यातून दोनदा आमच्या माळवदावरून जाते आणि लोंबणारी कोणतीही वस्तू ओढून पाहणे हे आपले काम आहे असे समजते. त्यामुळे दर दीड फुटाला क्लॅम्प मारले. खिळे दगडात न मारता सांध्यातील चुन्यात मारले. खिडकीतून आत जाण्यापूर्वी केबलला खाली झोळ देऊन मग वर घेतले, म्हणजे पावसाचे पाणी केबलवरून ओघळत खोलीत न येता झोळाच्या तळाशी ठिबकते. झरोक्याच्या तोंडाशी पाइपाभोवती मातीचा लेप दिला. मूळ काम मातीचे आहे, त्याला सिमेंट धरत नाही.

विजेची वायर जेथे समांतर येत होती तेथे एक फूट अंतर राखले. दुपारी पुरणपोळी झाल्यावर पुतण्या जो झोपला तो पाचला उठला. उरलेले सहा क्लॅम्प मी एकट्याने मारले.

२ एप्रिल, बुधवार

दोन्ही टोकांना आरजे-४५ कनेक्टर बसविले. क्रम असा ठेवला: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना क्रम एकच असावा, एवढे पथ्य पाळले की झाले, असे मला वाटत होते.

जोडणी झाली, दिवा लागला, पण लॅपटॉपने १००० ऐवजी १०० एमबीपीएसची जोडणी दाखविली. आमची इंटरनेट जोडणीच १०० ची असल्यामुळे घरातल्यांच्या मते काम झालेले होते. मला ते पटेना. १०० साठी आठपैकी चारच तारा, म्हणजे पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी, लागतात. १००० साठी आठही लागतात. १०० वर घसरणे याचा अर्थ उरलेल्या चारांपैकी एखादी तुटलेली आहे. टेस्टर लावला तेव्हा सात दिवे लागले, आठवा लागला नाही. कनेक्टर उजेडाकडे धरून भिंगातून पाहिला तर तपकिरी तार टोकापर्यंत पोहोचलीच नव्हती, अर्धा मिलिमीटर अलीकडे थांबली होती. कापून पुन्हा बसविला. या वेळी निळी मागे राहिली. तिसऱ्या वेळी, तारा एका रेषेत कापून आणि सूनबाईंनी टॉर्च धरल्यावर, आठही दिवे लागले. दोन कनेक्टर वाया गेले. एक चष्मा बदलण्याची वेळ आली आहे.

६ एप्रिल, रविवार

मागचा राऊटर बसविताना आज अर्धा तास सगळ्या घराचे इंटरनेट बंद पाडले. दोष पूर्णपणे माझा आहे.

नव्या राऊटरचा कारखान्यातून येतानाचा पत्ता १९२.१६८.१.१ आणि पुढच्या राऊटरचाही तोच. शिवाय नव्यातली डीएचसीपी, म्हणजे घरातील प्रत्येक यंत्राला क्रमांक वाटून देण्याची सोय, चालू होती. मी सेटिंग करण्याआधीच उत्साहाने केबल खोचली. एकाच गल्लीत एकाच पत्त्याची दोन घरे आणि दोन पोस्टमन झाले. कोणाचे पत्र कोठे जाईल याचा नेम राहिला नाही. दादांची मालिका नेमक्या प्रसंगी थांबली आणि बैठकीतून, "बाळू, ते तुझं यंत्र आधी बंद कर!" असा आवाज आला.

योग्य क्रम आता लिहून ठेवतो. केबल न जोडता नवा राऊटर लॅपटॉपला थेट जोडावा, त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करावा, डीएचसीपी बंद करावी, मगच पुढून आलेली केबल त्याच्या लॅन तोंडात घालावी. इंटरनेटसाठीच्या वेगळ्या रंगाच्या तोंडात घालू नये, नाहीतर घरात दुसरे वेगळेच जाळे तयार होते. नेटवर्कचे नाव आणि पासवर्ड पुढच्यासारखेच ठेवले, चॅनेल मात्र पुढे १ असल्यामुळे मागे ११ दिला.

टेबलावरचे मापन: ५ गिगाहर्ट्झवर उणे ४१. वेग ९२ एमबीपीएस. पुढच्या राऊटरपर्यंत जाऊन येण्यास २ ते ४ मिलिसेकंद, दोनशे मोजमापांत एकही हेलकावा नाही. शत्रू वाटलेला पत्रा आता बाजूने आला आहे. सिग्नल आतच निर्माण होत असल्यामुळे पत्रा आणि दगड तो खोलीत कोंडून ठेवतात आणि शेजारच्यांच्या लहरी बाहेर अडवतात. या खोलीत स्कॅन केले तर आमच्याखेरीज एकच जाळे दिसते.

१३ एप्रिल, रविवार

सूनबाई चहा घ्यायला पुढे येतात आणि परत जातात, तेव्हा फोन पुढच्याच राऊटरला चिकटून राहतो, अशी तक्रार आली. उणे ७७ वर धडपडत राहतो, पण शेजारी उणे ४१ चा असताना सोडत नाही. कोणत्या राऊटरला धरायचे हे फोन ठरवतो, राऊटर नव्हे, आणि पुष्कळ फोन हातातले अगदी सुटेपर्यंत सोडत नाहीत. पुढच्या राऊटरची २.४ ची शक्ती मध्यम केली. माजघराच्या पुढे तो आता क्षीण होतो आणि फोन ओट्यावरच मागच्याकडे वळतो. शक्ती कमी करून काम सुधारले, हे दादांना सांगितले तेव्हा त्यांनी फक्त मान हलविली.

उन्हाचा प्रश्न वेगळाच. दुपारी दोनला पत्र्याखाली, राऊटर टांगला होता त्या उंचीवर, तापमापीने ४४ अंश दाखविले. राऊटरच्या पुस्तिकेत ४० अंशांची मर्यादा दिलेली आहे. राऊटर खाली, जमिनीपासून चार फुटांवर, खिडकीशेजारी आणला. तेथे ३८ आहे. पत्र्यांवर ज्वारीचा कडबा अंथरला, त्याचा फायदा राऊटरपेक्षा माणसांना अधिक झाला.

२७ एप्रिल, रविवार

वीज गेल्यावर मागचा राऊटर इन्व्हर्टरवर चालू राहतो, पण पुढचा आणि फायबरचे यंत्र बंद पडते. मग लॅपटॉपवर वाय-फाय पूर्ण दिसते आणि इंटरनेट नसते. पुढच्या दोन्ही यंत्रांना १२ व्होल्टचा छोटा बॅकअप बसविला. दोन्हींचे अॅडॅप्टर १२ व्होल्टचेच आहेत हे त्यांच्या पाठीवर वाचून घेतले. चाचणीत तीन तास दहा मिनिटे चालले. येथे एवढे पुरते.

२० मे, मंगळवार

१६ मार्चच्या नोंदीत लिहिलेली शंका खरी ठरली.

काल संध्याकाळी वळवाचा मोठा पाऊस आला. विजा कडाडू लागल्यावर मी पुढच्या बाजूची केबल आणि अॅडॅप्टर काढले, पण मागच्या खोलीतले टोक काढायचे राहिले. वीज आमच्या घरावर पडली नाही, कोठेतरी जवळपास पडली. उघड्यावरच्या लांब तांब्याच्या तारेत अशा वेळी नुसत्या सान्निध्याने दाब निर्माण होतो, त्यासाठी थेट आघात लागत नाही. सकाळी मागच्या राऊटरचे पहिले लॅन तोंड मेलेले होते. दुसरे तोंड चालते, त्यात केबल घातली आणि दहाच्या मीटिंगपूर्वी काम सुरळीत झाले. सूनबाईंना मी सांगितले, तेव्हाच त्यांना कळले.

उपाय म्हणून माळवदावरच्या भागापुरते काचेचे फायबर आणि दोन्ही टोकांना प्रकाश-वीज रूपांतरक, ही योजना कागदावर मांडली आहे. तोपर्यंत दोन्ही टोकांजवळ जाड अक्षरांत पाटी लावली: "आभाळ भरले की दोन्ही टोके काढा." आईने ती वाचून विचारले, "आभाळ भरलं हे यंत्राला कोण सांगणार?" त्याचे उत्तर, मीच.

१५ जून, रविवार

पाऊस लागल्यावर पहिल्या दिवसाची सर्व मापने त्याच जागी, त्याच पद्धतीने पुन्हा घेतली. मागचा राऊटर बंद करून आणि पुढच्याची शक्ती मापनापुरती पूर्ववत करून टेबलावर उणे ८२ आले. मार्चमध्ये याच मांडणीत उणे ७७ होते. पाच डीबीची ही घट भिंतींच्या पोटातल्या ओल्या मातीची असावी, कारण पाणी या लहरी शोषते आणि बाकी काहीच बदललेले नाही. रिपीटरवर विसंबलो असतो तर आज पुन्हा सुरुवातीला आलो असतो.

मागचा राऊटर चालू केल्यावर उणे ४१, वेग ९२, हेलकावा नाही. खिडकीखालच्या झोळातून पाणी बाहेरच्या बाजूस ठिबकते, चौकट कोरडी आहे. झरोक्याजवळचा मातीचा लेप मात्र एका बाजूने विरघळला आहे. उघडीप मिळताच तो काढून भुसा मिसळलेल्या चिखलाने पुन्हा देणे. वानरांनी कठड्यावरचा एक क्लॅम्प उपटून नेला आहे, तो बदलणे. फायबर आणि रूपांतरक यांची चौकशी पुतण्या लातूरला करणार आहे. उरलेली सहा मीटर केबल, चार कनेक्टर आणि टेस्टर माजघरातील बळदाशेजारच्या पत्र्याच्या पेटीत ठेवले आहेत.